तिसऱ्या आजीची तपासणी

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि असं समजा, की तुम्ही साडेचार वर्षांचे आहात आणि जेवणाच्या टेबलाखाली बसला आहात. बसलात? गुडघे जवळ घ्या, नाहीतर डोकं आपटेल. आता समोर काय दिसतं? पाय. इथून माणसं दिसतच नाहीत, नुसते पाय दिसतात. हे तपकिरी मोजे बाबांचे. ते विचारात पडले की त्यांचा डावा अंगठा वर-खाली होतो. हे निळे मोजे आईचे, कायम घाईत. आणि पलीकडच्या रिकाम्या खुर्चीपाशी आजीचे पाय असायचे, जाड लोकरी सपातांतले. आता पाय गेले, सपाता राहिल्या. त्या तुमच्या मांडीवर आहेत, आणि त्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला तुम्हाला मुळीच खपत नाही.

झालं. आता तुम्ही सर्बियातल्या निश शहरातली, चौथ्या मजल्यावरची कालिना झालात. तुम्ही बसा खालीच. वर काय काय चाललं होतं ते मी सांगतो.

कालिनाची आजी पेर्सिदा गुडघ्यांच्या दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी चौदा दिवस राहायला गेली होती. पंधराव्या दिवशी तिचा फोन आला. गुडघे आता उत्तम आहेत, इतके की ती रोज संध्याकाळी नाचते, अक्सेंतिये नावाचे एक सद्गृहस्थ अकॉर्डियन फार सुरेख वाजवतात, आणि तिचा हिवाळी कोट तेवढा पाठवून द्यावा, असा एकूण मजकूर होता. कोट मागितला तेव्हाच तिच्या मुलाने, म्हणजे कालिनाच्या बाबांनी, काय ते ओळखायला हवं होतं. पण तिहोमीर सरकारी माणूस. त्याने आणखी तीन आठवडे वाट पाहिली.

फोन आला त्या दिवसापासून कालिना टेबलाखाली जेवू लागली. भांडण नाही, रडारड नाही. ताट घ्यायची, सपाता घ्यायची आणि खाली जायची. एकदा समोरच्या घरातल्या स्टामेंका मावशी गप्पा मारायला आल्या आणि दारातल्या त्या सपाता सहज पायात घालू लागल्या, तर कालिनाने असा सूर लावला की खालच्या मजल्यावरच्यांनी गॅस गळतोय की काय म्हणून खिडक्या उघडल्या.

इकडे कालिनाच्या आईची, नेवेनाची, हवामान कचेरीतली रजा संपत आली होती. साहेबांनी तिची जागा दोनदा अडवून ठेवली होती. तिसऱ्यांदा त्यांनी स्वच्छ सांगितलं, की अकरा तारखेला, सोमवारी सकाळी आठ वाजता त्या खुर्चीत नेवेना बसली नाही तर दुसरं कुणीतरी बसेल. बालवाडीच्या यादीत कालिनाचा नंबर दोनशे चौदा होता. गेल्या वर्षी तो एकशे नव्वद होता. यादी उलटी कशी सरकते, हे बालवाडीतल्या बाईंनाही सांगता आलं नाही.

तेव्हा नेवेनाने लिफ्टमध्ये चिकटवलेला एक कागद काढून आणला. मुलं सांभाळायला घरी बाई पाठवणारी एक संस्था होती. नाव होतं 'तिसरी आजी'.

"दोन आज्या असताना एकीनेही मूल सांभाळलं नाही," तिहोमीर म्हणाला, "तर ही तिसरी काय दिवे लावणार?"

"बोलवून तरी बघू," नेवेना म्हणाली.

"आधी चौकशी."

इथे तिहोमीरबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो जमीनमोजणी कचेरीत वरिष्ठ कारकून होता, आणि ज्या कागदावर गोल शिक्का नाही तो कागद नव्हेच, अशी त्याची श्रद्धा होती. एकदा एका म्हाताऱ्याने आपल्या विहिरीची नोंद मागितली, तर नकाशात विहीर नाही म्हणून तिहोमीरने त्याला परत पाठवलं. म्हातारा दुसऱ्या दिवशी बादलीभर पाणी घेऊन आला. तिहोमीरने बादलीवर शिक्का आहे का ते पाहिलं. माणूस वाईट नव्हता, बाळांनो. फक्त खात्री करून घ्यायची त्याला सवय होती.

चौकशीची बातमी इमारतीत पसरायला लिफ्टच्या दोन फेऱ्या पुरल्या. पहिल्यांदा आल्या त्या स्टामेंका मावशी. त्यांचं म्हणणं असं, की बाई चांगली की वाईट हे ओळखायला कागद कशाला हवेत? घरात समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडायच्या आणि आरपार वारा सोडायचा. बाई धावत जाऊन खिडकी लावते का, बघायचं. नाही लावली तर हाकलून द्यायची, कारण आरपार वारा काय करतो हे अख्ख्या सर्बियात कुणाला सांगावं लागत नाही. मान धरते, दात ठणकतात, मूत्रपिंडं जातात.

"माझ्या नवऱ्याला लढाईने मारलं नाही की डॉक्टरांनी मारलं नाही," मावशी म्हणाल्या. "बसमधल्या आरपार वाऱ्याने नेलं त्यांना."

वय काय होतं, असं नेवेनाने हळूच विचारलं.

"एक्याऐंशी. जगले असते की अजून."

त्यांच्या मागोमाग तिसऱ्या मजल्यावरचे रास्तको काका आले. त्यांचा सगळा जन्म सीमेवर, जकात खात्यात, लोकांच्या पेट्या उघडण्यात गेला होता. त्यांच्या मते सांगून केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे, तो पाहुणचार. न सांगता जायचं, साध्या गप्पा मारत बसायचं आणि माणसं मोकळी झाली की अचानक प्रश्न टाकायचा. "मी एका बाईला लोणच्याची पाककृती विचारता विचारता बरणीतून अकरा घड्याळं काढली होती," असं सांगून ते थांबले. कौतुक व्हावं म्हणून थांबले होते, ते झाल्यावर गेले.

तिहोमीरने दोन्ही सल्ले लिहून घेतले आणि तिसरा मार्ग धरला. तो सरकारी कचेरीत गेला. तीन नंबरच्या खिडकीने त्याला सातकडे पाठवलं, सातने परत तीनकडे. शेवटी एका बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, अगदी तो स्वतः लोकांकडे पाहायचा तसंच, आणि समजावून सांगितलं. संस्था आहे, असा दाखला मिळेल. ती चांगली आहे, असा मिळणार नाही. ती वाईट नाही, असा मिळेल, पण तो अर्ज संस्थेने करायचा.

"मग मला काय मिळेल?"

"तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नाही, असा दाखला मिळेल. तो हातोहात देते."

तिहोमीरने तो घेतला. शिक्का सुरेख उठला होता, त्यामुळे त्याला जरा बरं वाटलं.

घरी येऊन त्याने स्वतःच प्रश्नावली तयार केली. एक्केचाळीस प्रश्न, आणि खाली उजव्या कोपऱ्यात शिक्क्यासाठी मोकळा चौकोन. मग संस्थेला फोन लावला. संचालिका बुदिम्काबाई अतिशय गोड बोलल्या. पण त्याने पहिला प्रश्न विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, की कुठल्याही घरी माणूस पाठवण्याआधी संस्था त्या घराची चौकशी करते, तेव्हा एक प्रश्नावली पाठवते आहे, ती भरून द्यावी. ती आली. तिच्यात त्रेचाळीस प्रश्न होते. त्याच्याहून दोन जास्त. 'वडील फुटबॉल पाहताना ओरडतात का?' 'वडिलांना मुलीच्या चपलेचं माप ठाऊक आहे का?' 'घरात समोरासमोर खिडक्या आहेत का?'

"मला?" तिहोमीर दिवसभर म्हणत होता. "हे मला विचारतात?"

"माप किती आहे पण?" नेवेनाने विचारलं.

त्याने प्रश्नावलीचं पान उलटलं.

शुक्रवार उजाडला. नेवेनाला कचेरीत सह्या करायला जायचं होतं. तिहोमीरने रजा काढली, सूट चढवला, प्रश्नावलीची फाइल घेतली, खोलीतली ऊब मोजायला मखमली डबीतला थर्मामीटर घेतला आणि कालिनाचा हात धरला. न सांगता जाऊन थडकायचं, हे ठरलेलं होतं. जिन्यात स्टामेंका मावशी भेटल्या. त्यांनी त्याच्या सुटाकडे पाहिलं, मग हातांकडे पाहिलं.

"असा रिकाम्या हाताने निघालास?"

तिहोमीरने अभिमानाने फाइल दाखवली. मावशींनी कपाळाला हात लावला, पण तोवर तो एक मजला उतरून गेला होता.

त्या दिवशी आठ नोव्हेंबर होता, मित्रोवदान, एका मोठ्या संताचा दिवस. स्वयंपाकघरात टांगलेल्या देवळाच्या कॅलेंडरमध्ये तो दिवस लाल अक्षरांत छापलेला असतो. पण तिकडे प्रत्येक घराण्याचा संत वेगळा, तिहोमीरच्या घराण्याचा डिसेंबरमधला, आणि गेले आठ दिवस तो कॅलेंडर सोडून फक्त प्रश्नावली वाचत होता.

त्याने संस्थेच्या दाराची घंटी वाजवली. दार उघडलं. आतून ऊब, मेणाचा वास आणि माणसांची गलबल बाहेर आली. दारात बुदिम्काबाई उभ्या होत्या, हातात ताटली, ताटलीत उकडलेल्या गव्हाचं गोड आणि चमचा. मागे उंच मेणबत्ती जळत होती. संस्थेचा स्लावा होता, तिच्या संताचा दिवस.

आता स्लावाला बोलावणं नसतं. ज्याला आठवण होते तो येतो, आणि आलेल्याला यजमान कधी परत पाठवत नाहीत, मग तो वैरी का असेना. न सांगता येण्यासाठी वर्षातला एकच दिवस बाद होता, कारण त्या दिवशी सगळेच न सांगता येतात. तिहोमीरने तो नेमका निवडला होता.

"या, या, या पावलांनी सुख येवो," बुदिम्काबाई म्हणाल्या. आपण कोण, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायचं नसतं.

तिहोमीरने छातीवर क्रूसाची खूण केली, चमचाभर गहू तोंडात घातला आणि मग त्याला स्टामेंका मावशींचा कपाळावरचा हात आठवला. स्लावाला रिकाम्या हाताने जाणारा माणूस निशमध्ये अजून जन्मलेला नव्हता. निदान वाइनची बाटली, पाव किलो कॉफी, काहीतरी असतंच. त्याने खिसे चाचपले आणि मखमली डबी पुढे केली. बुदिम्काबाईंनी थर्मामीटर दोन्ही हातांनी घेतला, फार आभार मानले आणि सगळ्यांसमोर भिंतीवर, संताच्या तसबिरीशेजारी टांगला. पारा बावीसवर होता. एका प्रश्नाचं उत्तर मिळालं, असं मनाशी म्हणत तिहोमीरने कालिनाला शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः बसला.

लांब टेबल, जमिनीपर्यंत पांढरी चादर, भोवती पाद्रीबुवांसकट दहाबारा माणसं. जर्दाळूची कडक दारू, राकिया, आली. पहिला पेला संताचा, दुसरा घराचा, तिसरा नाही म्हटलं तर यजमान दुखावतात म्हणून. सूप आलं, मग कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचे सार्मे आले. आणि तिसऱ्या पेल्यानंतर तिहोमीरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही जी माणसं बसली आहेत, तीच संस्थेची माणसं. सगळी एका टेबलावर, मोकळी झालेली. रास्तको काका म्हणाले होते, अगदी तस्संच.

त्याने डावीकडच्या जाड चष्म्याच्या बाईंना सहज विचारलं, मुलांच्या कामात किती वर्षं झाली?

"तीस," बाई म्हणाल्या. "तुम्हाला?"

"साडेचार."

बाईंनी पिशवीतून वही काढून काहीतरी लिहिलं. वही ठेवतात म्हणजे शिस्त आहे, असं तिहोमीरला वाटलं. मग बाईंनी विचारलं, मूल जेवत नसेल तर तुम्ही काय करता? तिहोमीर खरं बोलणारा माणूस. तो म्हणाला, टेबलाखाली बसू देतो. बाईंनी ते लिहून खाली दोन रेघा मारल्या. समोरचे लाल मफलरवाले गृहस्थ पुढे झुकले. पुरुषही मुलं सांभाळतात हे पाहून तिहोमीर क्षणभर चपापला, पण आपण पुढारलेल्या विचारांचे आहोत अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

"आणि मूल रडायला लागलं तर?" मफलरवाल्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं.

"मी बाल्कनीत जातो."

मफलरवाले पांढरे पडले आणि त्यांनीही खिशातून चिठ्ठी काढली. असा अर्धा तास तिघे एकमेकांना प्रश्न विचारत होते आणि तिघेही लिहून घेत होते. तिहोमीरच्या प्रश्नावलीवर वाइनचे पेले ये-जा करत होते. बारावा प्रश्न होता, 'मुलावरची नजर किती वेळ हलू शकते?' तो त्याने मोठ्याने वाचला आणि उदाहरणादाखल शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं.

खुर्ची रिकामी होती.

पुढचं मी जरा भराभर सांगतो, कारण तिहोमीरच्या बाबतीत ते तसंच घडलं. तो उठला, खुर्ची पडली. त्याने हाका मारल्या. सगळे उठले. कुणी कपाटं उघडली, कुणी गॅलरीचं दार, कुणी जिन्याचं. मफलरवाल्यांनी पियानोचं झाकण वर करून पाहिलं. तिहोमीर सूट आणि मोज्यांवर तीन मजले खाली धावला, कोपऱ्यावर खिम्याचे पापुद्र्यांचे बुरेक विकणाऱ्या बुरेकवाल्याला त्याने विचारलं, एवढीशी मुलगी पाहिलीत का? बुरेकवाला म्हणाला, चपला कुठल्या होत्या? किती मापाच्या? तिहोमीर रस्त्यात तसाच उभा राहिला. मोज्यांतून ओल वर चढत होती. काही वर्षांनी तो शिक्क्याची, चौकोनाची, एक्केचाळीसची सगळी गोष्ट विसरला, पण तो बुरेकवाला त्याच्या मनातून पुढे कधी गेला नाही.

तो धापा टाकत वर आला तेव्हा वहीवाल्या बाई बुदिम्काबाईंना विचारत होत्या, "हे मूल कुणाच्या ताब्यात होतं? मी सरकारी तपासनीस आहे. मी आज न सांगता तपासणीला आले आहे."

"मीही," मफलरवाले म्हणाले. "म्हणजे, मी जुळ्यांचा बाप आहे. मी पण न सांगताच आलोय."

दोघांनी तिहोमीरकडे बोट दाखवलं. मुलांना रडत सोडून बाल्कनीत जाणारा आणि त्यांना टेबलाखाली जेवायला घालणारा कर्मचारी तो हाच, असं दोघांचंही म्हणणं पडलं.

बुदिम्काबाईंचा गोड आवाज प्रथमच जरा कडक झाला. "बाई, आज स्लावा आहे. स्लावाला घरचं माणूस बसतं का कधी? घरचे उभे राहून वाढतात. आमच्या बायका पाहा, सकाळपासून उभ्या आहेत. बसलेत ते सगळे पाहुणे. अकरा वर्षांत या घरातून एक मूल हरवलं नाही. आज पहिलंच हरवलं, आणि ते त्याच्या बापाने स्वतःबरोबर आणलं होतं."

हे तिहोमीरला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याची स्वतःची आई स्लावाला पहाटेपासून रात्रीपर्यंत एकदाही टेकायची नाही. त्याने खोलीत उभ्या असलेल्या बायका मोजल्या. हातात ताटं घेतलेल्या तीन.

"चार असायला हव्यात," बुदिम्काबाई म्हणाल्या. "झागोर्का कुठाय?"

एवढ्यात गॅलरीचं दार आणि जिन्याचं दार, दोन्ही समोरासमोर सताड उघडी असल्यामुळे खोलीतून आरपार वारा सुटला. मेणबत्ती फडफडली. शोध तिथेच थांबला. पाद्रीबुवांनी दोन्ही हातांनी मान धरली, तपासनीसबाईंनी वही कमरेमागे, मूत्रपिंडांवर दाबली. जो तो स्वतःला झाकत होता. आणि तेव्हा टेबलाच्या चादरीखालून एक जाडजूड हात बाहेर आला, खुर्चीच्या पाठीवरची लोकरी शाल त्याने चाचपून ओढली आणि शालीसकट परत आत गेला.

तिहोमीर गुडघ्यांवर बसला. चादरीबाहेर दोन मोठे पाय पसरलेले होते, अंगठ्यापाशी फाटलेल्या सपातांत. इतका वेळ सगळे त्यांना ओलांडून धावत होते. त्याने चादर उचलली. आत कालिना गळ्यापर्यंत शालीत गुंडाळून सार्मा खात होती. शेजारी पाठीत वाकून, साठीच्या आसपासची एक धिप्पाड बाई बसली होती.

"मी दोनदा ओरडून सांगितलं, इथे आहे म्हणून," झागोर्का म्हणाली. "कुणी ऐकून घेईल तर शपथ. तुम्ही तर जिन्यावरून असे सुटलात, मला वाटलं तुमचंच कुणी हरवलंय."

"माझंच हरवलं होतं."

"मग आधी खाली बघायचं. लहान माणूस लांब जात नाही. मोठी माणसं जातात."

कालिनाने तोंडातला घास गिळला. "बाबा, ही उभी राहून दमलीय," ती म्हणाली. "हिच्या सपातेला भोक आहे. मी बघितलं. मीच म्हटलं, ये आत बस."

पाच आठवड्यांत ती अनोळखी माणसाबद्दल एवढं बोलली नव्हती. तिहोमीर चादरीखाली आणखी आत सरकला. मग त्याने हात लांब करून मुलीच्या चपलेचा तळवा उलटा केला आणि माप वाचलं. सव्वीस.

नेवेनाने भरून पाठवलेल्या प्रश्नावलीवर संस्थेचं पत्र शनिवारीच आलं. आई, पसंत. मूल, उत्तम. वडील, तूर्तास चालतील. झागोर्काबाई सोमवारी सातला येतील. तिहोमीरने पत्र तीनदा वाचून 'तूर्तास' या शब्दावर बराच विचार केला. मग नेवेनाने त्याची प्रश्नावली समोर ठेवली. एक्केचाळीसपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नव्हतं. पण खाली उजव्या कोपऱ्यात, नेमक्या त्या चौकोनात, वाइनच्या पेल्याच्या बुडाचा ठसा उठला होता. गोल आणि लाल.

"हा चालेल?" नेवेनाने विचारलं.

तिहोमीरने तो उजेडाकडे धरून पाहिला. कडा स्वच्छ होत्या. त्याने कागद फाइलला लावला.

सोमवारी सातला पाच कमी असताना घंटी वाजली. समोरचं दार आधीच उघडून स्टामेंका मावशी उभ्या होत्या, आणि रास्तको काका वरच्या मजल्यावर काहीच काम नसताना जिना चढत होते. झागोर्का आत आली, ओले बूट काढून दाराशी नीट लावले आणि पायात काही घालायला मागितलं. पाहुण्यांच्या सपाता तिच्या टाचेच्या निम्म्यापर्यंतच आल्या. नेवेना कोट अर्धा घालून उभी राहिली. घरात त्या मापाचा एकच जोड होता, आणि तो कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. नेवेनाने एकदा टेबलाकडे पाहिलं. घड्याळ पुढे चाललं होतं.

"राहू दे," झागोर्का म्हणाली. "मोज्यांवर फिरेन." आणि ती थंडगार फरशीवरून स्वयंपाकघराकडे निघाली.

टेबलाखाली खुडबुड झाली. कालिना बाहेर आली. ती झागोर्काच्या पायांपाशी गेली, खाली बसून तिने दोन्ही पाय नीट न्याहाळले आणि आजीची एक सपात तिच्यासमोर ठेवली. एकच. दुसरी तिने काखेत घट्ट धरली होती.

झागोर्काने भिंतीला हात टेकला. उजवा पाय आत सरकवला. बरोबर बसला. एक पाय लोकरीत आणि एक पाय फरशीवर, अशी ती दूध तापवायला गेली, जणू सगळे लोक असेच चालतात.

"आणि दुसरी गं?" तिहोमीरने हळूच विचारलं.

"ती नंतर," कालिना म्हणाली. "आधी बघू दे मला."

मग ती टेबलाखाली गेली, दुसऱ्या सपातेवर बसली, आणि चादर थोडी वर करून झागोर्काच्या पायांवर नजर ठेवत तिने दुधाची वाट पाहिली.